स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या आजारासाठी, मशीन घ्यायचंय. दुकानदार बायपॅप घ्या म्हणतोय. काय करावं? आणि मास्क कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय 52, झोपेच्या तपासणीत एएचआय 38 आलाय, डॉक्टरांनी सीपॅप लिहून दिलंय, दुकानदार म्हणतो ‘बायपॅपच घ्या साहेब, एकदाच काय तो खर्च’, आणि घरच्यांना धास्ती की रात्री लाईट गेली तर मास्कमध्ये जीव गुदमरेल. मी डॉक्टर नाही. गेली काही वर्षं रोज हे मशीन लावून झोपणारा सोलापूरचा माणूस आहे, तेवढ्या अधिकाराने सांगतो.

बायपॅपचं आधी उरकून टाकू. एएचआय 38 म्हणजे तासाला सरासरी 38 वेळा तुमचा श्वास अडतो किंवा उथळ होतो. 30 च्या वर गेलं की त्याला तीव्र म्हणतात. पण आजार तीव्र म्हणून मशीन भारी, असा काही हिशोब नसतो. सीपॅप एका ठरावीक दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवतं. ऑटो सीपॅप तोच दाब रात्रभर गरजेप्रमाणे कमीजास्त करतं, बहुतेक मशीनमध्ये 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याच्या दाबादरम्यान. बायपॅप श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देतं. ते मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांना, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, श्वास अडवणारा आजार) असणाऱ्यांना, नाहीतर सीपॅपचा जास्त दाब सोसतच नाही अशांना लागतं. चिठ्ठीवर बायपॅप नाही ना? मग विषय संपला. ऑटो बऱ्याच जणांना चालतं. फक्त हार्ट फेल्युअर असेल किंवा रिपोर्टमध्ये ‘सेंट्रल ॲप्निया’ (घसा बंद होऊन नव्हे, तर मेंदूकडून श्वासाचा इशाराच न आल्याने श्वास थांबणं) लिहिलेलं असेल, तर ऑटो घेण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आता खरा मुद्दा. लोक मशीनच्या मॉडेलवर महिनाभर काथ्याकूट करतात आणि मास्क मात्र दुकानदार देईल तो घेऊन घरी येतात. मशीन कपाटात जाऊन पडतं ते बहुतेक मास्कमुळे. हे दुखणं पहिल्यापासूनचं आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली ही उपचारपद्धती जगापुढे मांडली, तेव्हाचा मास्क म्हणे दर रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागायचा. आपलं नशीब त्यापेक्षा बरं.

मास्क तीन तऱ्हेचे. फक्त नाकपुड्यांना टेकणारा पिलो मास्क, पूर्ण नाक झाकणारा नेझल, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याला दुकानदार लगेच फुल फेस काढून देतो. पण नाक चोंदलेलं असतं म्हणूनही माणूस तोंडाने श्वास घेतो. आधी नाक कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाक मोकळं झालं की अनेकांचं नेझलवर भागतं, आणि नेझलला कड लहान असल्याने हवा कमी सुटते. मिशा असतील तर आणखी एक भानगड : सिलिकॉनची कड केसांवर नीट बसत नाही आणि ओठाच्या वरून फुर्रर्र आवाज येतो. माझ्या मिशा झुबकेदार आहेत, कापायची तयारी नव्हती, शेवटी पिलो मास्कवर जमलं.

दुकानात मास्क खुर्चीत बसून बघू नका. आडवे व्हा, मशीन तुमच्या दाबावर लावायला सांगा, कुशीवर वळून बघा. हवा सुटली की हात आपोआप पट्टे आवळायला जातो, आणि तिथेच चुकतं. कड हवेने थोडी फुगावी लागते, तेव्हाच ती चेहऱ्याला धरते. पट्टे सैल करा, मास्क चेहऱ्यापासून जरा ओढून अलगद सोडा, मग हळूहळू आवळा. पट्ट्याखाली बोट जायला हवं. सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ दिसला तर पट्टे जास्त आवळलेत किंवा साईज चुकलाय. आणि झोपताना चेहरा साबणाने धुवा. डोक्याला तेल, तोंडाला क्रीम लावून मास्क चढवला की तो रात्रभर घसरत राहतो.

पहिले काही दिवस संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मास्क लावायची सवय करा, झोपायचं नाही. रॅम्प चालू ठेवा, म्हणजे दाब हळूहळू चढतो. सकाळी पोट फुगलेलं आणि ढेकरा येत असतील तर हवा गिळली जातेय. दाबाची सेटिंग स्वतः बदलू नका, डॉक्टरांना सांगा.

लाईटचं म्हणाल तर गुदमरायची भीती मनातून काढून टाका. मास्कला श्वास बाहेर जायला बारीक भोकं असतात, आणि फुल फेस मास्कमध्ये हवेचा दाब गेला की बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. मशीन बंद पडलं की बहुधा जागच येते. फक्त ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, अशा माणसाला फुल फेस डॉक्टरांना न विचारता लावू नये. घरचा इन्व्हर्टर शक्यतो प्युअर साईन वेव्हचा असावा. जास्त वीज खातो तो ह्युमिडिफायरचा, म्हणजे हवेत ओलावा घालणाऱ्या भागाचा, हीटर. तो बंद ठेवलात तर बॅटरी बराच वेळ पुरते. रेल्वेच्या चार्जिंग पॉइंटवर मात्र विसंबू नका, रात्री तो बंद ठेवलेला असू शकतो.

ह्युमिडिफायरच्या टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्याने टाकीच्या तळाला पांढरा थर बसतो. बॅटरीत घालायचं पाणी स्वस्त मिळतं म्हणून तेही नको. उरलेलं पाणी सकाळी ओतून टाका. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा. नाहीतर एसीच्या खोलीत नळीत पाणी धरतं आणि मध्यरात्री नाकात गुळण्या होतात. ओझोनची स्वच्छता यंत्रं घेऊ नका, कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो.

सेकंडहँड घेणार असाल तर जरा थांबा. आतल्या आवाज दाबणाऱ्या फोमची झीज होते म्हणून फिलिप्सने जून 2021 मध्ये आपली बरीच मशीनं परत मागवली होती. ती मॉडेलं अजूनही जुन्या बाजारात फिरत असतील. त्यापेक्षा आधी महिनाभर भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत सहज मिळतं, आता लहान शहरांतही डीलर देतात. महिन्याच्या शेवटी रिपोर्ट काढायला लावा आणि तीनच गोष्टी बघा : रोज किती तास वापर झाला, हवा किती सुटली, आणि मशीनवर असताना एएचआय 5 च्या खाली आला का. हे जमलं तर मग विकत घ्या. बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. मेडिक्लेमवाले मशीनचे पैसे बहुधा देत नाहीत, पण तुम्ही केंद्र सरकारी नोकरीत असाल तर सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेत ठरावीक मर्यादेपर्यंत परतावा मिळतो, मात्र परवानगी खरेदीच्या आधी घ्यायची.