गिटारवर फिंगरस्टाइलमध्ये (म्हणजे बोटांनी तारा छेडताना) अंगठ्याचा बेस पाम म्यूट करायला, म्हणजे तळवा टेकवून दाबायला गेलं की पातळ तारापण दबतात. आधी पॅटर्न पक्का करू आणि म्यूट नंतर शिकू का?

नाही. अजिबात नाही. या "नंतर"ने माझं जवळजवळ एक वर्ष खाल्लंय म्हणून उत्तर लिहायला बसले, नाहीतर मी इथे नुसती वाचत असते.

माझे सर हेच म्हणायचे, आधी ऑल्टरनेटिंग बेस (अंगठ्याने जाड तारा आळीपाळीने) मोकळा वाजव, स्वच्छ येऊ दे, म्यूट काय शेवटी मारायचा रंगाचा हात आहे. मी आज्ञाधारक. आठ महिने ई कॉर्डला ६-४-५-४, सी ला ५-४-६-४ (हे तारांचे नंबर, सहावी सगळ्यात जाड), अंगठा झोपेतसुद्धा चालला असता. मग एकदा फोनवर स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकलं तर मेलडी कुठे गेली तेच कळेना, जाड तारा नुसत्या घुंऽऽ घुंऽऽ करत एकमेकींच्या अंगावर चढत होत्या आणि कॉर्ड बदलली तरी आधीच्या कॉर्डचा बेस मागे रेंगाळत होता. सर म्हणाले, हां, आता टेकव तळवा. टेकवला, आणि आठ महिन्यांचं सगळं गेलं. कारण तळवा टेकवला की मनगट खाली येतं, अख्खा हात साउंडहोलकडून (मधल्या गोल भोकाकडून) ब्रिजकडे, म्हणजे तारा अडकवलेल्या पट्टीकडे सरकतो, तिथे तारा जास्त ताठ लागतात आणि बोटं वेगळ्याच कोनातून पडतात. माझं पहिलं बोट दुसऱ्या तारेऐवजी तिसरीवर जायचं, दर वेळी. म्हणजे पक्कं केलं होतं ते दुसऱ्याच कुठल्यातरी हाताचं. यावर सरांचं म्हणणं काय, तर तुझी पोझिशन बिघडलीय!

असो, तुमचं. पातळ तारा दबतात कारण तुम्ही बहुतेक पिकने रिदम वाजवताना करतो तसा हात ठेवताय, करंगळीच्या बाजूची कड सगळ्या सहा तारांवर आडवी. इथे तसं नाही चालत. कोपर जरा मागे ओढा, म्हणजे तळव्याचा मनगटाजवळचा मांसल भाग फक्त ६, ५, ४ वर राहील आणि बोटं पुढे मोकळी लोंबतील. टेकवायचं ते अर्धं सॅडलवर (ब्रिजवरची बारीक पट्टी, जिच्यावरून तारा जातात), अर्धं तारांवर. मग बोटं विसरा, नुसता अंगठा वाजवा. नुसतं "ठक" आलं, सूरच कळला नाही, तर हात फार पुढे आलाय. "घुंऽऽ" आलं तर फार मागे. "धुम्" यायला हवं, छोटं पण सूर ओळखू येईल असं. यातला फरक दोन-चार मिलिमीटरचा असतो, त्यामुळे वैतागू नका. आणि दाबू नका हो, नुसतं टेकवा, दाबलं की तार ताणली जाते आणि सूर चढतो, मी कित्येक दिवस ट्यूनरला शिव्या घालत होते.

अंगठ्याने आळीपाळीने बेस आणि बोटांनी मेलडी, या बाजाला ट्रॅव्हिस पिकिंग म्हणतात. ज्याच्या नावाने ते चालतं तो अमेरिकेतल्या केंटकीचा गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस, जन्म १९१७, थंब पिक (अंगठ्यात अडकवायचं पिक) लावलेला अंगठा आणि एक तर्जनी एवढ्यावर सगळं वाजवायचा. चेट ॲटकिन्स या दुसऱ्या गिटारवादकाने त्याला रेडिओवर ऐकलं, एकाच बोटाचं काम आहे हे दिसणार कुठून, म्हणून हा बिचारा जास्त बोटं लावून बसला आणि त्यातून त्याची स्वतःची स्टाइल झाली. मला सांगायचंय ते एवढंच की या बाजात दबलेला बेस हाच पाया आहे, रंगाचा हात नाही. थंब पिकवरूनही सरांशी वाजलंय माझं. ते म्हणतात कुबडी आहे. असू दे. म्यूट केल्यावर तारेचा आवाज तसाही बसतो, नुसत्या अंगठ्याने त्याला टोक येत नाही. पिक घट्ट होत असेल तर गरम पाण्यात बुडवून जरा फाकवा, आणि पहिले दोन आठवडे ते प्रत्येक तारेत अडकणार हे धरून चाला.

हां, आणि डी कॉर्डला हे सगळं थोडं फसतं. तिथे अंगठा ४-३ करतो आणि तिसरी तार तळव्याखाली नसते, त्यामुळे एक ठोका धुम् आणि एक टणाण्. मी तिथे हात किंचित खाली सरकवते, काहीजण तसंच सोडतात. आणि गाणं संथ, पसरट असेल तर म्यूट करूच नका, तिथे मोकळाच बेस छान वाटतो (हे सरांना सांगू नका). मनगट दुखलं तर थांबा.

मागच्या महिन्यात मी सरांना दोन रेकॉर्डिंग पाठवली, तेव्हाचं आणि आत्ताचं. दोन दिवसांनी उत्तर आलं, "तारा बदलल्यास का?"

बदलल्या होत्या, पण तो मुद्दा नाहीये.