माउंटन बाइकच्या एअर फोर्कमध्ये किती हवा भरावी? पंक्चरच्या दुकानात भरली तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वजन ६८ किलो आहे, १२० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबणारा) एअर फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा हवेवर चालणारा शॉक, असलेली वापरलेली सायकल घेतलीय, आणि यवतेश्वर घाट उतरताना ब्रेक दाबला की पुढची बाजू खाली बसते. वर कासच्या पठारावर गेल्यावर हवा बदलावी लागते का, हेही विचारलंय. मी साताऱ्यातच सायकल चालवतो, त्यामुळे इथल्या रस्त्यांच्या हिशेबानंच सांगतो.

आधी पंक्चरच्या दुकानाचं. तिथं अजिबात जाऊ नका. फोर्कचा व्हॉल्व्ह मोटरसायकलच्या ट्यूबसारखाच असतो, म्हणून नळी बसते आणि मोह होतो. पण फोर्कच्या आतली हवेची जागा जेमतेम चहाच्या कपाएवढी. कॉम्प्रेसरचा एक झटका बसला की दाब कुठल्या कुठे जातो, आतली सीलं जायची भीती असते. यासाठी शॉक पंप मिळतो, तो घ्याच. एका दाबाला अगदी थोडी हवा जाते, आणि जास्त झाली तर बटण दाबून थोडी थोडी सोडता येते.

आता किती पीएसआय, म्हणजे हवेचा दाब किती. फोर्कच्या पायावर, म्हणजे खालच्या जाड नळीवर, मागच्या बाजूला बऱ्याचदा वजनाप्रमाणे तक्ता चिकटवलेला असतो. सुरुवात तिथून करा. तक्ता निघून गेला असेल तर तुमच्या वजनाला बहुतेक फोर्कमध्ये आकडा ६० ते १०० च्या दरम्यान कुठेतरी येतो. एवढी मोठी तफावत असते म्हणूनच मित्राचा आकडा घेऊन उपयोग नाही. खरा निकाल सॅगवर लागतो, म्हणजे तुम्ही नुसते सायकलवर उभे राहिल्यावर फोर्क किती दबतो त्यावर. तो ट्रॅव्हलच्या २० ते २५ टक्के ठेवायचा: १२० मिमीला २० टक्के म्हणजे २४ मिमी, २५ टक्के म्हणजे ३० मिमी. डांबरी घाट आणि कच्चे रस्ते दोन्ही करणार असाल तर २४ च्या आसपास ठेवा.

सॅग मोजताना घाई करू नका, सगळा खेळ इथंच आहे. हेल्मेट, पाठीवरची बॅग, भरलेली पाण्याची बाटली, नेहमी जे नेता ते सगळं अंगावर असू द्या. लॉकआउट (फोर्क दबू न देणारं बटण) आणि कॉम्प्रेशन (दबण्याचा वेग आवरणारं बटण) पूर्ण उघडं ठेवा. भिंतीला कोपर टेकवा किंवा कुणाला तरी मागून सायकल धरायला सांगा आणि पेडलवर उभे राहा, उतारावर राहता तसे, गुडघे-कोपर थोडे वाकवून. दोन-तीनदा हलकेच खालीवर करून स्थिर व्हा. मग फोर्कच्या चकचकीत नळीवरची रबरी रिंग खाली सीलपर्यंत, म्हणजे ती नळी जाड पायात शिरते तिथपर्यंत, सरकवा (सोबत कुणी असेल तर त्याला सांगा) आणि ब्रेक न दाबता अलगद उतरा. सील आणि रिंग यांच्यातलं अंतर पट्टीनं मोजा. रिंग नसेल तर पातळ झिप टाय सैलसर बांधा, काम तेच होतं. जास्त दबला तर ५ पीएसआय वाढवा, कमी दबला तर ५ सोडा, परत मोजा.

दोन गोष्टींनी नवीन माणूस गोंधळतो. हवा भरल्यावर हँडल धरून फोर्क आठ-दहा वेळा सावकाश पूर्ण दाबा. आत मुख्य हवेच्या विरुद्ध बाजूला एक छोटा कप्पा असतो, बहुतेक नव्या फोर्कमध्ये त्यात हवा तेव्हाच पोचते. त्यानंतर पंपाच्या काट्यावर दाब थोडा उतरलेला दिसेल, तो परत भरून घ्या. दुसरं, पंप काढताना 'फुस्स' होतं ती नळीतली हवा असते, फोर्कमधली नव्हे. परत पंप लावलात की नळी भरायला फोर्कमधलीच हवा जाते, म्हणून आकडा कमी दिसतो. फोर्क गळतोय असं त्यावरून ठरवू नका.

हवा ठरली की मगच रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क किती वेगानं परत वर येतो ते. हे बटण बहुधा फोर्कच्या उजव्या पायाच्या खाली असतं, बऱ्याचदा लाल. घड्याळाच्या दिशेनं पूर्ण बंद करा, मग क्लिक मोजत पूर्ण उघडा आणि मध्यावर ठेवा. हँडल जोरात दाबून एकदम सोडा. चाक जमिनीवरून उडालं तर फोर्क फार चपळ आहे, एक-दोन क्लिक बंद करा. मात्र फार संथही नको. जांभ्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाटेवर एका दगडातून फोर्क सावरायच्या आत दुसरा येतो, मग तो खाली खालीच बसत जातो आणि मनगटं दुखायला लागतात. पुढे कधी हवा बरीच वाढवलीत तर रिबाउंडही थोडा बंद करावा लागेल.

तुमची ब्रेकवरची तक्रार बहुधा हवा कमी असल्यानंच आहे. सॅग बरोबर येऊनही ती राहिली तर कॉम्प्रेशनचं बटण एकेक क्लिक बंद करत बघा. पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याच उतारावर परत जा. फोर्क ठोक्यासरशी तळाला लागत असेल तर हवा आणखी न भरता आत एक टोकन, म्हणजे हवेची जागा कमी करणारा प्लॅस्टिकचा तुकडा, वाढवून घ्या, तो फक्त शेवटच्या टप्प्यात कडकपणा आणतो.

आणि पुढच्या टायरची हवा बघितली का? टायर ५० पीएसआयला टणक करून ठेवायचा आणि हात बधिर होतात म्हणून फोर्कला नावं ठेवायची, हे मी सारखं बघतो.

पावसाळ्यात लाल चिखल नळ्यांवर वाळू देऊ नका, ओल्या फडक्यानं पुसा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा सीलवर मारू देऊ नका. वापरलेली सायकल आहे, म्हणून फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस आधी करून घ्या. पुष्कळ कंपन्या ती ५० तासांच्या चालवण्यानंतर सांगतात, आणि आधीच्या मालकानं केली असेल यावर मी तरी विसंबणार नाही.

कासला जाताना हवा बदलायची गरज नाही. साताऱ्यापासून वर पठारापर्यंत साधारण ५००-६०० मीटरची चढण आहे, तेवढ्यानं एखाद्या पीएसआयचाच फरक पडतो. उन्हाचा फरक त्याहून जास्त: १० अंश तापमान वाढलं तर ८० पीएसआयचे ८३ च्या आसपास होतात. म्हणून हवा सावलीत मोजा, आणि दर वेळी साधारण त्याच वेळेला.