कोल्हापुरात बंगल्याच्या लाकडी कुंपणासाठी न गंजणारे खिळे की स्क्रू, आणि ते कोणत्या धातूचे घ्यावेत?

खिळ्यांऐवजी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्यावेत, कारण पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आकसणारी फळी साधा खिळा हळूहळू बाहेर ढकलते, स्क्रू मात्र आट्यांमुळे पकड सोडत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी लागणारा महागडा ३१६ ग्रेड कोल्हापुरात अनावश्यक आहे. घर मालवण-रत्नागिरीकडे असेल तरच तो घ्यावा.

बजेट कमी असल्यास वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, स्क्रू किंवा बोल्ट चालतील. दुकानात सहसा मिळणारे चकचकीत 'झिंक' स्क्रू वेगळे असतात. त्यांच्यावर विजेने चढवलेला जस्ताचा थर इतका पातळ असतो की गगनबावडा-राधानगरीकडच्या पावसात तो फार टिकत नाही. हॉट डिपचा थर जाड, राखाडी आणि हाताला किंचित खरखरीत लागतो. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू तर बाहेर मुळीच वापरू नयेत.

लाकूड सागवान किंवा बाभळीचे असेल, तर त्यातील टॅनिन या तुरट द्रव्याची ओल्या लोखंडाशी प्रक्रिया होऊन स्क्रूखाली निळसर काळे ओघळ उमटतात आणि ते घासूनही सहजी जात नाहीत, म्हणून अशा लाकडाला स्टेनलेसच लावावे. वॉशरही त्याच धातूचे असावेत, कारण स्टेनलेस बोल्टखाली जस्ताचा वॉशर बसवल्यास ओलाव्यात तो वॉशर आधी गंजतो. कठीण लाकडात आधी ड्रिलने बारीक छिद्र पाडावे, अन्यथा स्टेनलेस स्क्रूची मान पिळवटून तुटते.