विद्यापीठाचे कागद, विद्यार्थ्यांचे प्रश्न

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांतली महाविद्यालयं संलग्न आहेत. या सदराकडे आलेली वाचकांची बहुतेक पत्रं तिथलीच आहेत. ती वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली: काम कुणाच्या टेबलावर आहे, महाविद्यालयाच्या, विद्यापीठाच्या की राज्य शासनाच्या, हेच कुणी नीट सांगत नाही. हेलपाट्यांत मुदत निघून जाते. म्हणून प्रत्येक उत्तरात जायचं कुठे हेही लिहिलं आहे.

दोन क्रेडिटच्या अकाउंटिंगच्या विषयात अंतर्गत १३ आणि लेखी परीक्षेत १२ गुण पडले. बेरीज ५० पैकी २५ होते, तरी नापास कसा? थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करू का? – बीकॉमचा विद्यार्थी, सिन्नर

क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजण्याचं माप. दोन क्रेडिटचा विषय ५० गुणांचा असतो. त्यातले १५ अंतर्गत मूल्यमापनाचे आणि ३५ सत्रान्त लेखी परीक्षेचे. उत्तीर्ण व्हायला दोन्हीकडे स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात, म्हणजे १५ पैकी ६ आणि ३५ पैकी १४. तुमची एकूण बेरीज पन्नास टक्के असली तरी लेखीत दोन गुण कमी पडले आहेत.

आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. पुणे विद्यापीठात ती घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करताच येत नाही. दोन्ही अर्ज ऑनलाइन होतात आणि त्यांची मुदत निकालाच्या परिपत्रकात दिलेली असते. ती थोड्याच दिवसांची असते, त्यामुळे गुणपत्रिकेचा छापील कागद महाविद्यालयात येईपर्यंत थांबू नका. ऑनलाइन निकालावरूनच अर्ज होतो. पैसे भरल्याची पावती जपून ठेवा. खात्यातून रक्कम कापली गेली पण अर्जावर 'भरणा अपूर्ण' दिसतंय, असं झालं तर त्याच दिवशी महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाला लेखी कळवा.

छायाप्रत हातात आली की आपलं अक्षर बघण्याआधी लाल शाईकडे बघा. प्रत्येक उपप्रश्नाला गुण दिलेत का? आतले गुण मुखपृष्ठावरच्या तक्त्यात जसेच्या तसे उतरलेत का? तक्त्याची बेरीज बरोबर आहे का? पुरवण्या घेतल्या होत्या तर त्या सगळ्या प्रतीत आहेत का? 'पाचपैकी कोणतेही तीन' अशा प्रश्नात चार सोडवले असतील तर कोणते तीन धरले? अकाउंटिंगमध्ये आणखी एक पाहायचं: ताळेबंद जुळला नाही म्हणून अख्ख्या गणिताला शून्य दिलं आहे की नोंदी आणि वर्किंग नोट्सचे गुण दिले आहेत. बेरीज चुकली असेल किंवा एखादं उत्तर तपासायचंच राहिलं असेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. सगळं तपासलेलं आहे आणि 'मला जास्त हवे होते' एवढंच म्हणणं असेल, तर पुनर्मूल्यांकनात फरक पडेलच असं नाही. तुम्हाला दोनच गुण हवे आहेत, म्हणून एखाद्या जाणत्या शिक्षकांकडून प्रत वाचून घ्या आणि मग ठरवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येण्याआधीच पुढच्या परीक्षेचे अर्ज सुरू होतात. या विषयाचा बॅकलॉगचा अर्ज भरून ठेवा. 'पुनर्मूल्यांकनात पास होईनच' म्हणून अर्ज न भरणाऱ्या मुलांचं अख्खं सत्र जातं, आणि ते नुकसान अर्जाच्या शुल्कापेक्षा फार मोठं आहे.

अंतर्गत, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेच्या गुणांचं पुनर्मूल्यांकन होत नाही. तिथे नोंद चुकली असेल तर ती महाविद्यालयानंच विद्यापीठाला पत्र देऊन दुरुस्त करायची असते. पेपर देऊनही 'गैरहजर' लागलं असेल, तर त्या वर्गातल्या हजेरीपत्रकावरची तुमची सही हाच पुरावा. परीक्षा विभागाकडे त्याच कागदाचा आग्रह धरा. मुदत हुकली असेल तर माहितीच्या अधिकाराची वाट आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' असल्याचं मान्य केलं आहे. अर्ज १० रुपयांचा, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. मात्र त्या प्रतीवरून पुनर्मूल्यांकनाची संपलेली मुदत आपोआप पुन्हा सुरू होत नाही.

मैत्रिणीचे आणि माझे ग्रेड तेच, फक्त विषय उलटे. तरी तिचा एसजीपीए जास्त कसा? – विद्यार्थिनी, संगमनेर

कारण एसजीपीए म्हणजे सत्राच्या गुणांकांची सरासरी, आणि तिच्यात विषयाचं वजन क्रेडिटवर ठरतं. चार क्रेडिटच्या विषयात ६ गुणांक आणि दोन क्रेडिटच्या विषयात ९ असतील, तर (४×६ + २×९) ÷ ६ = ७. उलट पडले, तर (४×९ + २×६) ÷ ६ = ८. अभ्यासाचे तास वाटताना हे लक्षात ठेवा. मुख्य विषयाचा एक ग्रेड छोट्या विषयाच्या दोन ग्रेडइतका असतो.

मुलगी बीएच्या पहिल्या वर्षाला आहे. घरच्या अडचणीमुळे पुढचं वर्ष थांबावं लागेल. पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडावं आणि नंतर परत यावं, असं कुणी सुचवलं. करावं का? – पालक, अकोले

राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाची रचना २०२४-२५ पासून लागू झाली. तिच्यात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स अशी बाहेर पडण्याची सोय आहे. पहिल्या वर्षासाठी ४० ते ४४ क्रेडिट लागतात. पण तेवढ्यावर प्रमाणपत्र मिळत नाही; त्यावर कौशल्य अभ्यासक्रमाचे किंवा इंटर्नशिपचे आणखी ४ क्रेडिट करावे लागतात. हे पुष्कळ पालकांना ऐनवेळी कळतं. एकही विषय राहिला असेल तर क्रेडिट अपुरे पडतात आणि प्रमाणपत्र अडतं. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यानं तीन वर्षांच्या आत परत यावं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी, अशी मर्यादा आहे.

आमचं स्पष्ट मत: एकाच वर्षाचा प्रश्न असेल तर बाहेर पडण्याची प्रक्रिया करू नका. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सोडवून घ्या, खंड पडू द्या आणि पुढच्या जूनमध्ये त्याच महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्या. मिळवलेले क्रेडिट कुठे जात नाहीत. प्रमाणपत्र नोकरीसाठी खरोखर हवं असेल तरच त्याच्या मागे लागा.

क्रेडिट जमा होतात ते ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन नोंदवहीत. तिचा बारा अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून काढता येतो. अडचण होते ती नावाची. आधारवर वडिलांचं नाव नाही आणि महाविद्यालयात आहे, किंवा जन्मतारखेत एका आकड्याचा फरक आहे, एवढ्यावरून क्रेडिट खात्याला जोडले जात नाहीत. मुलीच्या खात्यात दोन्ही सत्रांचे क्रेडिट दिसतात का, ते आत्ताच उघडून बघा. दिसत नसतील तर महाविद्यालयात शिकत असतानाच दुरुस्ती सोपी जाते.

थांबण्याचं कारण पैशाचं असेल तर 'कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका' योजनेची चौकशी महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे करा. रोजचे काही तास ग्रंथालय, कार्यालय किंवा बागेत काम आणि त्याचं मानधन असं तिचं स्वरूप आहे. मुलगी घर आणि काम सांभाळून शिकू शकत असेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही आहे. तिचं शिक्षण थांबू नये असं तुम्हाला वाटतं, हे पत्रातून दिसतं. म्हणून हे दोन्ही मार्ग आधी तपासा.

इंजिनिअरिंगला ओबीसीतून नंबर लागला. नॉन-क्रिमीलेअरच्या अर्जाची पावती आहे, दाखला नाही. – विद्यार्थी, नेवासे

हा प्रवेश विद्यापीठ देत नाही, राज्याचा सीईटी कक्ष देतो. त्यामुळे महाविद्यालयातल्या कुणाच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. पावतीवर तात्पुरती सवलत मिळालेली असते. माहितीपत्रकातल्या तारखेपर्यंत मूळ दाखला सादर झाला नाही, तर ओबीसीचा दावा जातो आणि तुम्हाला खुल्या प्रवर्गात धरतात. दाखला त्या शैक्षणिक वर्षातल्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंत, असा हिशेब. मागच्या वर्षीचा दाखला कपाटात आहे म्हणून निर्धास्त राहिलेली मुलं इथेच अडकतात.

'आमचं उत्पन्न आठ लाखांच्या वर आहे, दाखला मिळणारच नाही' असंही तुम्ही लिहिलं आहे. आठ लाखांची कसोटी सलग तीन वर्षांच्या उत्पन्नाची असते, आणि शासकीय नोकरीचा पगार व शेतीचं उत्पन्न तिच्यात धरत नाहीत. शासकीय नोकरदारांच्या बाबतीत पगारापेक्षा आईवडिलांच्या पदाचा वर्ग पाहिला जातो. सेतू केंद्रात चुकीचं ऐकून परत फिरू नका, अर्ज दाखल करा. दाखल्यासाठी शासकीय कार्यालयापुढे करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं.

जातवैधता हा वेगळा कागद आहे. तो जिल्हा जात पडताळणी समिती देते आणि त्याला महिने लागतात. बारावी विज्ञानात असतानाच महाविद्यालयामार्फत अर्ज टाकावा. धाकटं भावंड अकरावीत असेल तर त्याचं काम आताच सुरू करा.

एका खासगी महाविद्यालयात प्रवेश घेतला, नंतर दुसरीकडे मिळाला. फी परत देत नाहीत, मूळ गुणपत्रिकाही अडकवली आहे. – पालक, चाकण

मूळ कागद अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही महाविद्यालयाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं हे २०१८ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. त्यातच परताव्याचा तक्ता आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी. त्यातून पाच टक्के, पण जास्तीत जास्त ५ हजार रुपये, प्रक्रिया खर्च म्हणून कापता येतात. अंतिम तारखेआधी १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील तर ९० टक्के. तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, नंतर काही नाही. अनामत मात्र पूर्ण मिळते. काही वर्षी आयोग स्वतंत्र तारखा जाहीर करतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता.

तुमच्या प्रकरणात सगळं अवलंबून आहे ते अर्जाच्या तारखेवर. 'फोनवर सांगितलं होतं' याला किंमत नाही. आजच लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या, तोच मजकूर ईमेलनंही पाठवा. दाद मिळाली नाही तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. २०२३ च्या विनियमांनुसार तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यानंतर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. सीईटी कक्षामार्फत झालेल्या प्रवेशाचे परताव्याचे नियम त्यांच्या माहितीपत्रकात वेगळे दिलेले असतात, ते पाहावेत.

कॅनडाला जायचं आहे. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. ट्रान्सक्रिप्टचं काय? – वाचक, नाशिक रोड

पदवी परीक्षेच्या वेळच्या नावानंच राहते. ती बदलून घेण्याच्या खटपटीत पडू नका. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद सोबत जोडा. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठानं दिलेला एकत्रित उतारा. त्यासाठी सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका लागतात, नापास झालेल्या प्रयत्नांच्याही. मधलीच एखादी हरवलेली असते आणि काम तिथेच थांबतं. तिची दुय्यम प्रत आधी काढा. परदेशासाठी पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या संस्था ट्रान्सक्रिप्ट थेट विद्यापीठाकडून मागतात. मोहोरबंद पाकीट तुमच्या हाती दिलं तर 'आत नीट आहे ना' म्हणून फोडू नका. उघडलेलं पाकीट बाद होतं. संदर्भ क्रमांक आणि नावाचं स्पेलिंग अर्ज करतानाच तपासा.

विद्यापीठाच्या आवारात एमएला प्रवेश मिळाला, वसतिगृह मिळालं नाही. पुण्यात राहणं परवडत नाही. – विद्यार्थी, सुरगाणा

विभागाच्या कार्यालयात प्रतीक्षायादीतला क्रमांक विचारत राहा. दुसरीकडे प्रवेश मिळालेली मुलं गेली की जागा सुटतात. त्याचबरोबर राज्याच्या योजनेचा अर्ज करा. अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, अनुसूचित जातीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि खुल्या गटातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. शासकीय वसतिगृहाचा अर्ज केला होता आणि जागा मिळाली नाही, हे दाखवावं लागतं. म्हणून तो अर्ज आधी भरा. रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जाते. गावाकडचं बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर पैसे परत फिरतात. बँकेत जाऊन तपासून घ्या. पैसे हप्त्यांनी आणि उशिरा येतात, तेव्हा पहिल्या तीन-चार महिन्यांच्या भाड्याची सोय वेगळी ठेवा. भाडेकराराची प्रत घरमालकाकडून पहिल्याच दिवशी मागून घ्या, अर्जाला ती लागते.