गावच्या झेडपी शाळेची शताब्दी कशी साजरी करावी?

तुमचा प्रश्न असा, की गावच्या जिल्हा परिषद शाळेला शंभर वर्षं होताहेत, माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आमदार, सत्कार आणि ऑर्केस्ट्रा एवढं ठरत आलंय, पट मात्र दरवर्षी उतरतोय. तर या निमित्तानं सरकारी शाळेची किंमत गावाला पटेल असं काय करावं. मी सांगली जिल्ह्यात झेडपीतच मास्तरकी केली, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, म्हणून लिहितोय.

ऑर्केस्ट्रा ठेवायचा तर ठेवा. पण त्याआधी ऑफिसच्या कपाटातलं जनरल रजिस्टर बाहेर काढा. शंभर वर्षांची शाळा म्हणजे जिल्हा परिषदेहून जुनी, कारण परिषदा आल्या 1 मे 1962 ला. त्याआधीच्या नोंदी लोकल बोर्डाच्या नाहीतर संस्थानच्या काळातल्या असतील, काही पानं कदाचित मोडीतही. एकेका मुलाची एकच आडवी ओळ असते: नाव, जात, जन्मतारीख, दाखल कधी झाला, शाळा कधी सोडली आणि का सोडली. त्या शेवटच्या रकान्यात ‘चौथी उत्तीर्ण’च्या खाली ‘सतत गैरहजर’ दिसेल, आणि पुढे त्याच आडनावाचा कोणीतरी चौथी पास झालेलाही दिसेल. गावातली पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, कोणत्या वस्तीवरचं पोर पहिल्यांदा कधी आलं, हे गावाला दुसऱ्या कुठल्याच कागदावर सापडायचं नाही. 2023 साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा याच रजिस्टरांवरची धूळ झटकली गेली.

कार्यक्रमात आत्ताच्या चौथीच्या मुलांकडून यातली नावं वाचून घ्या. फक्त नाव आणि साल. जातीचा रकाना वाचू नका, त्याचे फोटो ग्रुपवर टाकू नका. रजिस्टर ऑफिसबाहेर नेऊ नका, पानं फुटतात. आधी वहीत उतरवून घ्या. नातवाच्या तोंडून आजीचं नाव ऐकल्यावर सरकारी शाळेचं महत्त्व सांगायला वक्ता आणावा लागत नाही.

आणि भाषण करायचंच असेल तर ते एवढ्याच मुद्द्यावर करा, की या शाळेनं दारात आलेल्याला परत पाठवायचं नसतं. हे आपोआप झालेलं नाही. 1882 साली महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगापुढे, म्हणजे हंटर आयोगापुढे, म्हणणं मांडलं, की महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांवर. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. त्या काळचा रुपया!

आजही हे डोळ्यांनी बघायचं असेल तर साखर कारखाने सुरू झाल्यावर आमच्याकडे या. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या फडावर उतरल्या, की वर्षाच्या मध्येच त्यांच्या कोपीवरची, म्हणजे झोपडीतली, पोरं वर्गात येऊन बसतात. दाखला नसतो, कधी दप्तरही नसतं. शिक्षण हक्क कायद्यानं कागद नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दुपारी खिचडीच्या पंगतीत ती बागायतदाराच्या पोराशेजारीच बसतात. ती खिचडी शिजवणाऱ्या ताईंना किरकोळ मानधन मिळतं, पण कोणतं पोर घरून उपाशी येतं हे हेडमास्तरांच्या आधी त्यांना कळलेलं असतं. पहिला नारळ-शाल त्यांना. आमदारांचा नंबर नंतर लागला तर बिघडत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या झेडपी शाळेच्या डिसले गुरुजींना 2020 साली मिळालेला जागतिक शिक्षक पुरस्कार भाषणात कोणीतरी आणेलच. आणू द्या, अभिमानाचीच गोष्ट आहे. पण दर शाळेत डिसले गुरुजी नसतात, आणि शाळा चांगली चालायला ते असावेच लागतात असंही नाही. इंग्रजी शाळेत पोरं घातलेल्यांना मात्र स्टेजवरून टोमणे मारू नका. साठपर्यंत पट असला की फार तर दोन शिक्षक, त्यांच्याकडे चार-पाच वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायचा ससेमिरा. आईबापांना हे दिसतं. ती काही खुळी नाहीत.

लोकवर्गणीतून कमान, रंगरंगोटी होईलच. आपल्याकडे कमानीला पैसे चटकन जमतात. मी असतो तर वर्गणीपेक्षा माणसं मागितली असती. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया. शाळेचा विकास आराखडा या समितीनं करायचा. प्रत्यक्षात शिपाई नाहीतर एखादं पोर वही घेऊन घरोघर सह्या गोळा करतं आणि बैठक ‘संपन्न’ होते. शताब्दीच्या वर्षात दर महिन्याची बैठक खरोखर भरली, वर्गखोलीची गळती आणि मुलींच्या संडासातलं पाणी यावर तिथं भांडण झालं, तर माझ्या लेखी तोच मोठा कार्यक्रम.

तारीख ठरवताना मुंबई-पुण्याची मंडळी मे महिना धरा म्हणतील, कारण तेव्हा सगळे गावी असतात. ऐकू नका. मे महिन्यात शाळा रिकामी असते, ज्यांची शाळा ती पोरंच नसतात. जानेवारीच्या शेवटी धरा, तुमच्याकडे टोळ्या येत असतील तर कोपीवरचीही तेव्हा वर्गात सापडतील. बाकीच्यांना म्हणावं, एक दिवस रजा टाका.