आधी मागणं बदल, मग कपडे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं, प्रो-रेसलिंगच्या रिंगमधल्या तुझ्या नव्या पात्राची तीन चित्रंही. अर्धा चेहरा झाकणारा मुखवटा, घोट्यापर्यंत काळा कोट, डोळ्यांत पांढऱ्या लेन्स. शिवाय नवं नाव, नवं संगीत, नवा फिनिशर, म्हणजे मॅच संपवणारा डाव, आणि हे सगळं पुढच्या महिन्यातल्या शोला एकदम. चार वर्षं हसतमुख बेबीफेस, म्हणजे लोकांचा लाडका नायक, म्हणून राबल्यावर तुझ्या एन्ट्रीला लोक मोबाइल काढून बसतात, हे वाचून पोटात तुटलं. शिव्या परवडतात, पण ही शांतता माणसाला पोखरते. तरीही चार पानं दोनदा वाचून एक गोष्ट काही सापडली नाही. या नव्या माणसाला हवंय काय?

आधी मागणं बदल, मग कपडे. हे वाक्य या पत्रात पुन्हा पुन्हा येणार आहे. ते उशिरा कळलं म्हणून माझी वर्षं गेली. तुझी जाऊ नयेत, म्हणून आवाज चढतो.

ग्लेन जेकब्ज घे. १९९५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, त्याला आयझॅक यँकेम नावाचा दंतवैद्य केलं. चाललं नाही. १९९६ मध्ये 'डीझेल' हे पात्र करणारा गडी कंपनी सोडून गेला, तर त्याचे कपडे जेकब्जच्या अंगावर चढवले. तेही पडलं. मग ५ ऑक्टोबर १९९७ ला तोच जेकब्ज लाल-काळ्या पोशाखात, मुखवटा घालून, 'केन' या नावाने आला. पोलादी पिंजऱ्याचं दार उपटलं, कंपनीचा मोठा तारा अंडरटेकर याच्यासमोर उभा राहिला आणि अंडरटेकरचाच फिनिशर, टूम्बस्टोन, त्याच्यावर मारला. तोंडातून एक शब्द नाही. तू म्हणशील, बघा, शेवटी मुखवटाच चालला ना! नाही रे. त्याआधी कित्येक आठवडे अंडरटेकरचा जुना मॅनेजर पॉल बेअरर सांगत होता की आगीत मेला असं समजलेला अंडरटेकरचा भाऊ जिवंत आहे. केन आत आला तेव्हा त्याला काय हवंय हे शेवटच्या रांगेलाही ठाऊक होतं: हिशेब. २००३ मध्ये त्याचा मुखवटा उतरला, तरी केन पुढे कितीतरी वर्षं उभा राहिला. दंतवैद्याचा डगला काढला असता तर खाली काय उरलं असतं?

त्याच काळात त्या कंपनीत कचरा उचलणारा होता, डुकरं पाळणारा शेतकरी होता, प्लंबर होता, आइस हॉकीपटूही होता. पडद्यामागची ती मुलं मेहनती होती. पण धंदा म्हणजे मागणं नव्हे. प्लंबर रिंगमध्ये का आलाय, याचं उत्तर पान्यात सापडत नाही. तुझ्या काळ्या कोटातही सापडत नाही.

म्हणून पहिलं काम. कागदावर एकच वाक्य लिही: मला अमुक हवंय, कारण तमुक घडलं, आणि ते मिळवायला मी काल जे करत नव्हतो ते आज करायला तयार आहे. तिन्ही जागा भरल्या पाहिजेत. 'मला चॅम्पियन व्हायचंय' चालणार नाही, ते सगळ्यांनाच हवं असतं. 'चार वर्षं मी तुमच्यासाठी हसलो आणि तुम्ही मान वर करून पाहिलं नाही, आता तुम्ही पाहीपर्यंत मी समोरच्याला सोडणार नाही' हे चालेल. यात तुझी खरी जखम आहे. रॉकी मायव्हिया १९९६ च्या नोव्हेंबरात हसत आला, आणि काही महिन्यांत लोक त्याच्या मरणाच्या घोषणा देऊ लागले. ऑगस्ट १९९७ मध्ये तो परतला तेव्हा त्याने तीच घोषणा माइकवर उचलली आणि लोकांकडे इज्जत मागितली. पुढे स्वतःबद्दल तिसऱ्या पुरुषात बोलू लागला. द रॉक तिथे जन्मला. लोकांनी दिलेली शिवी हा या धंद्यातला सगळ्यात चांगला कच्चा माल आहे, तो टाकून दुकानातून मुखवटा का आणायचा?

वाक्य झालं की तुझ्या शेवटच्या दहा मॅच काढ. आधी आवाज बंद करून बघ, मग चित्र झाकून फक्त आवाज ऐक. आवाज बंद असताना तू कोण आहेस हे तुझ्या चालण्यावरून कळतं का? आणि नुसता आवाज ऐकताना लोक नेमके कुठे उठतात, कुठे गप्प होतात, ते मिनिटासकट लिहून ठेव. नंतर तू वापरतोस त्या सगळ्या मूव्ह्जची यादी कर. पंधरा-वीस निघतील. प्रत्येकीसमोर विचार: ज्याला हे हवंय, तो माणूस हे करेल का? टॉप रोपवरून बाहेर उडी मारून लोकांना टाळ्यांसाठी हात वर करणारा, लोकांवर चिडलेला कसा? ती उडी गेली. दोरीवर पाय ठेवून गर्दीकडे बघून हसणं गेलं. इथेच बहुतेक मुलं फसतात. हील, म्हणजे खलनायक, झाल्यावरही आवडती उडी सोडवत नाही, मग लोक टाळ्या वाजवतात आणि टर्न, म्हणजे नायकाचा खलनायक होणं, तिथेच मरतो. हीलने लोकांना हवं ते त्यांच्यापासून राखून ठेवायचं असतं. उडीच्या पवित्र्यात ये, थांब, खाली उतर, साधा हेडलॉक धर. त्या थांबण्यात जितकी चीड निर्माण होते तितकी दहा शिव्यांनी होत नाही.

आणि वेग. मागणं बदललं की पहिल्यांदा वेग बदलतो. तेत्सुया नाइतो जपानमध्ये 'स्टारडस्ट जीनियस' म्हणून मिरवत होता, २०१३ ची जी-वन क्लायमॅक्स ही तिथली मोठी स्पर्धा जिंकला, आणि लोकांनी त्याला नाकारलं. ४ जानेवारी २०१४ ला टोकियो डोममधली त्याची चॅम्पियन ओकादाविरुद्धची वर्ल्ड टायटल मॅच प्रेक्षकांच्या मतदानाने मुख्य जागेवरून खाली ढकलली गेली. याहून मोठा अपमान कुठला? २०१५ मध्ये तो मेक्सिकोला गेला, तिथल्या लॉस इन्गोबर्नाब्लेस टोळीत वावरला, आणि परत आला तो कुणाच्याच मर्जीची पर्वा नसलेला माणूस होऊन. त्याची एन्ट्री नीट बघ. सूट घालून येतो. प्रतिस्पर्धी ताटकळत उभा, रेफरी घंटा वाजवायला खोळंबलेला, आणि हा एकेक वस्तू अंगावरून उतरवतोय, सावकाश. कोट, शर्ट, मग पँट, मध्येच थांबून गर्दीकडे एक नजर. अजून मॅच सुरूही नाही आणि आख्ख्या हॉलला कळलंय की हा आता कुणाची मंजुरी मागत नाही. जुना नाइतो मंजुरीसाठी धावत होता, नवा तिच्यासाठी एक पाऊलही लवकर टाकत नाही. सूट कुणीही घालेल, तो काढायला लावलेला वेळ हे त्याचं पात्र आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच माणसाने ओकादाला हरवून तेच वर्ल्ड टायटल, आयडब्ल्यूजीपी हेवीवेट, घेतलं.

डब्ल्यूडब्ल्यूईच्या रोमन रेन्सचंही तेच. कित्येक वर्षं कंपनी त्याला लोकांचा लाडका करू पाहत होती आणि लोक हूट करत होते. ऑगस्ट २०२० मध्ये तो परतला. बुलेटप्रूफसारखं जाकीट गेलं, मॅनेजर म्हणून पॉल हेमन शेजारी आला, पण त्याचे डाव तेच, स्पिअर तोच, सुपरमॅन पंच तोच, एन्ट्रीचं संगीत तर काही महिने तेच जुनं. बदललं काय? आधी तो लोकांकडून प्रेम मागत होता, आता घरच्यांकडून शरणागती मागू लागला, नात्यातल्या भावाला रिंगमध्ये मारता मारता त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागला. टायटल १,३१६ दिवस त्याच्याकडे राहिलं. संगीत नंतर बदललं. नंतर! हा क्रम लक्षात ठेव.

एक जुनी वस्तू हातात ठेव, हेही त्यातच आलं. ७ जुलै १९९६ ला लोकांचा लाडका हल्क होगन रिंगकडे चालत आला तेव्हा लोकांना वाटलं, मार खाणाऱ्या आपल्या माणसांना सोडवायला आला. त्याने दोरीकडे धाव घेतली, परत आला आणि पडलेल्या रँडी सॅव्हेजवरच आपला ठरलेला फिनिशर, लेग ड्रॉप, टाकला. बारा-तेरा वर्षं त्याच लेग ड्रॉपवर घरंच्या घरं उभी राहून ओरडली होती. मूव्ह तसूभरही बदलली नाही, कुणावर पडली तेवढंच बदललं, आणि लोकांनी रिंग कचऱ्याने भरली. काळे कपडे, रंगवलेली काळी दाढी, 'हॉलिवूड' हे नाव, सगळं मागाहून आलं. तू पहिल्याच रात्री नाव, चेहरा, संगीत, फिनिशर सगळं फेकलंस तर लोकांना अनोळखी माणूस दिसेल. दगा देण्यासाठी आधी ओळख लागते. तुझी चार वर्षं हेच तुझं भांडवल आहे, आणि तू ते मुखवट्याखाली पुरायला निघालायस. मला याचाच राग येतो.

आता तुझ्या चित्रांबद्दल, कारण त्यात धोकेही आहेत. लेन्स काढून टाक. डोळ्यावर कोपर बसलं तर ती सरकते आणि उडी झेलणाऱ्याला अर्धवट दिसतं. झेलणाऱ्याच्या डोळ्यांवर समोरच्याची मान अवलंबून असते. मुखवटा हवाच असेल तर तो बाजूची नजर खातो हे धरून चाल: किमान महिनाभर सरावाची प्रत्येक फेरी तो घालूनच कर, आणि मॅचआधी जोडीदाराला सांग की डाव्या कोपऱ्यातून येणारं तुला उशिरा दिसतं. चेहऱ्याला रंग लावणार असशील तर पावडर मारून बसव, नाहीतर पाचव्या मिनिटाला घामासोबत डोळ्यांत उतरतो आणि हेडलॉकमध्ये समोरच्याच्या खांद्यावर तुझं तोंड छापलं जातं. कोटाची बाही मनगटाच्या टेपवर अडकते. समोरून एका ओढीत सुटेल असा शिवून घे, आणि तो रिंगबाहेर कोण नेणार ते आधी ठरव. काळ्या पडद्यासमोर काळा कोट मागच्या रांगेतून दिसत नाही, हे तर साधं आहे. तिथे पोहोचते ती तुझी बाह्याकृती, खांद्यांची रेघ, चाल.

फिनिशर बदलायचा तर असा निवड जो सत्तर किलोच्या गड्यावरही बसेल आणि एकशेतीसच्याही. स्टीव्ह ऑस्टिनचा स्टनर कुणावरही, कुठूनही बसतो, म्हणून तो एवढा चालला. उचलून आपटायची मूव्ह जड माणसासमोर तुला उघडं पाडेल. आणि नवा फिनिशर पहिले दोन-तीन महिने कुणालाही झटकून उठू देऊ नकोस. संगीताचं एवढंच सांगतो, पहिल्या दोन सेकंदांत ओळखू आलं पाहिजे: अंडरटेकरची घंटा, ऑस्टिनची फुटणारी काच.

टर्नच्या रात्री कुणाला मारायचं ते बुकरशी, म्हणजे मॅच आणि कथा ठरवणाऱ्याशी, भांडून ठरव. बळी असा हवा ज्याच्यावर लोकांचं खरं प्रेम आहे आणि ज्याने तुझं काही वाकडं केलेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात प्रोमो, म्हणजे माइकवरचं भाषण, नव्वद सेकंद, त्याहून जास्त नाही. ओरडू नकोस. ख्रिस जेरिकोने २००८ मध्ये आरडाओरडा, जुन्या टाळ्यांच्या ओळी, सगळं सोडलं, सूट चढवला आणि सावकाश, खालच्या पट्टीत लोकांना ढोंगी म्हणू लागला. त्याला खरंच वाटत होतं की आपलं बरोबर आहे. तुझ्या वाक्यावर तुझाही तसा विश्वास हवा. नसेल तर वाक्य चुकलंय, कपड्यांनी ते दुरुस्त होणार नाही.

चुकतंही. २००१ च्या रेसलमेनियात, कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोत, ऑस्टिनने त्याच्याच टेक्ससमध्ये, ज्याच्याशी वर्षानुवर्षं भांडला त्या कंपनीच्या मालकाशी, व्हिन्स मॅकमॅनशी, हात मिळवला. मॅच उत्तम, कामगिरी उत्तम. पण लोकांना त्याचा द्वेष करायचाच नव्हता, आणि हा निर्णय चुकला असं तो स्वतः उघड सांगत आलाय. मला तिथेही तेच दिसतं: ज्याला कुणाचीही गरज नव्हती, त्याला अचानक मालकाची मदत कशाला हवी झाली, हे लोकांच्या गळी उतरलं नाही. मला हेकट म्हणतात, प्रत्येक गोष्ट या एकाच खुंटीला टांगतो म्हणतात. म्हणू देत. दुसरी खुंटी एवढं वजन पेलताना मला दिसलेली नाही.

आणि जुनं पात्र जाळू नकोस. अंडरटेकर २००० मध्ये मोटारसायकलवर आला, २००४ च्या रेसलमेनियात पुन्हा घंटा वाजवत, पॉल बेअररसोबत परतला. पण मधल्या वर्षांतले ठोसे आणि वेग त्याने सोबत ठेवले. हे परतणं त्याला जमलं कारण जुना माणूस शाबूत होता.

तर, पुढच्या महिन्याचा शो विसर. बुकरला सांगून सहा ते आठ आठवडे पडद्याआड जा. परतल्यावर आधी छोट्या हॉलमध्ये, दोन-तीनशे लोकांसमोर, निदान पाच मॅच जुन्याच कपड्यांत नव्या मागणीने खेळ. कुठे लोक हसले, कुठे गप्प झाले, कुठे अस्वस्थ होऊन सरकले, सगळं लिही. तीन महिन्यांआधी निकाल लावू नकोस, पहिल्या दोन रात्री नुसतं नवलच मोजलं जातं.

पुढच्या पत्रात चित्र पाठवू नकोस, ते एक वाक्य पाठव. आणि नवे बूट शिवायला टाकणार असशील तर मात्र आजच टाक. कोरा तळवा कॅनव्हासला चिकटतो आणि वळताना गुडघा मागे राहतो, तीन-चार आठवडे सरावात घासल्याशिवाय ते मॅचला घालू नकोस.

तुझाच