लडलोला पहिल्यांदा जाताय? आधी मान वर करा

इंग्लंडमधल्या लडलो या जुन्या गावातल्या ब्रॉड स्ट्रीटवरची सगळी घरं पहिल्याच दिवशी बघायचा हट्ट नको. चार बघा, पण नीट.

तळमजल्यावर वेळ घालवू नका. दुकानांच्या काचा नि पाट्या बदलत राहतात, जुनं काय ते वर असतं. छोटी दुर्बीण असेल तर सोबत ठेवा.

नवखे हमखास फसतात ते दर्शनी भिंतीला. अठराव्या शतकात लाकडी सांगाड्याच्या जुन्या घरांना पुढून विटांची भिंत चढवायची फॅशन होती. एका घराला मी बेधडक 'जॉर्जियन', म्हणजे साधारण अठराव्या शतकातलं, म्हणून मोकळा झालो. शेजारच्या बोळात शिरलो तर बाजूच्या भिंतीत ओकची वाकडी तुळई, लाकडी खुंट्यांसकट! तेव्हापासून आधी बोळ, मग निकाल.

आणखी काही चुका टाळा:
- बुजवलेली खिडकी दिसली की लगेच 'खिडकीकर' म्हणू नका. खिडक्यांच्या संख्येवर बसणारा तो कर १६९६ ते १८५१ होता खरा नि तो वाचवायला लोक खिडक्या बुजवतही, पण काही खिडक्या मुळातच आंधळ्या, म्हणजे नुसत्या खिडकीच्या आकाराच्या, निव्वळ समतोलासाठी.
- लाकडाचा काळाकुट्ट रंग मूळचा समजू नका. बऱ्याचदा तो एकोणिसाव्या शतकातल्या व्हिक्टोरियन हौसेचा.
- इंग्लंडची संरक्षित वास्तूंची वारसा यादी ऑनलाइन फुकट आहे. तिच्यातली नोंदणीची तारीख बांधकामाची समजू नका.

१६१९ च्या 'फेदर्स' या लाकडी सांगाड्याच्या हॉटेलचे फोटो सगळेच काढतात, तुम्हीही काढा. लाकडाच्या सांध्यांचं नंतर बघू.